ही कळ दाबली तर काय होईल?

जर्मनीत पीएचडीला आलो त्याला आता दहा वर्षे उलटून गेली, पण प्रयोगशाळेतला पहिला दिवस अजून आठवतो. टेबल मिळाले, खुर्ची मिळाली, संगणक मिळाला. आणि कळफलकाच्या डाव्या कोपऱ्यात, जिथे आयुष्यभर 'कंट्रोल' पाहत आलो होतो, तिथे लिहिलेले दिसले 'स्ट्रग'. म्हटले 'स्ट्राँग'मधली एक-दोन अक्षरे झिजून गेली असावीत, ही बहुतेक जोरकस कळ :) शेजारच्या टेबलावरच्या मुलाने न हसता सांगितले, की ते 'श्टॉयरुंग'चे लघुरूप आहे आणि श्टॉयरुंग म्हणजे नियंत्रण. त्यानंतर एकेक नवलाई दिसू लागली. डिलीटच्या जागी 'एन्टफ', इन्सर्टच्या जागी 'आइन्फग', होमच्या जागी 'पोस १'. डिलीट करायला आपण सगळेच शिकलो, पण 'एन्टफ' करायला थोडा धीर लागतो.

नावांचे काही नाही, नावे चार दिवसांत पाठ होतात. खरा दगा दिला झेड आणि वाय या दोघांनी. जर्मन भाषेत झेड घडोघडी लागतो आणि वाय क्वचित, म्हणून जर्मन कळफलकावर दोघांच्या जागांची अदलाबदल केलेली आहे. झेड वर टी आणि यूच्या मध्ये जाऊन बसला आहे आणि वाय खाली डाव्या कोपऱ्यात आला आहे. आता अनडू, कट, कॉपी, पेस्ट ही आपली रोजची चौकडी म्हणजे झेड, एक्स, सी, व्ही. चौघे खालच्या ओळीत एकमेकांना चिकटून बसलेले. कट-कॉपी-पेस्टची कल्पना १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी बांधली. टेस्लर पुढे ॲपलमध्ये गेले आणि १९८३ च्या लिसा संगणकापासून ही चौकडी त्या ओळीत कायमची स्थायिक झाली. टेस्लर २०२० साली वारले तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांनी बातमी छापली. मी ती बातमी वाचली आणि मनात म्हटले, देवमाणूस, फक्त जर्मनीतून एक चक्कर मारून यायला हवी होती.

कारण दुसऱ्याच महिन्यात माझ्याकडून एक घोळ झाला. आमच्याकडे एका भट्टीला जोडलेला जुनापुराणा संगणक होता आणि त्यावर भट्टीचे वेळापत्रक लिहायला तितकाच जुना एडिटर. मी एक ओळ चुकीची टंकली. बोटांनी सवयीने अनडू केले, म्हणजे करंगळी कंट्रोलवर आणि अनामिका खाली कोपऱ्यात. ती पडली वायवर. आता नव्या प्रोग्रामांत कंट्रोल-वाय म्हणजे रीडू, तो बहुधा निरुपद्रवी असतो. पण हा एडिटर पडला वर्डस्टारच्या घराण्यातला. वर्डस्टार हा १९७८ सालचा प्रोग्राम आणि त्याच्या घराण्यात कंट्रोल-वाय म्हणजे अख्खी ओळ गायब. ओळ गेली. मला वाटले अनडू नीट लागले नाही, पुन्हा दाबले. आणखी एक गेली. असे करत सात-आठ ओळी गेल्यावर माझी ट्यूब पेटली. घाबरून फाईल बंद केली, तिने जर्मनमध्ये काहीतरी विचारले आणि मी 'या', म्हणजे 'हो', म्हटले.

ओळी आठवून पुन्हा लिहिल्या. सगळ्या आठवल्या, एक सोडून. ती होती तापमान किती सावकाश वाढवायचे याची. रात्री भट्टी पूर्ण वेगाने तापली आणि आत ठेवलेला सिरॅमिकचा नमुना सकाळी तडकलेला निघाला. नमुना माझा नव्हता. दुसऱ्या गटातल्या एका मुलीने तीन आठवडे खपून बनवला होता. ती ओरडली असती तर बरे वाटले असते. तिने फक्त तुकडे एका डबीत भरले आणि डबीवर तारीख लिहिली.

आमच्या प्राध्यापकांनी मला बोलावले आणि एकच प्रश्न विचारला. "ती कळ काय करते हे दाबण्याआधी तू कुठे पाहू शकला असतास?" मी विचार केला. उत्तर होते, कुठेच नाही. त्या एडिटरमध्ये तसे विचारायची सोयच नव्हती. प्राध्यापकांनी मान हलवली आणि प्रश्न तिथेच सोडून दिला. मला तो आजपर्यंत सोडता आलेला नाही, म्हणून हा लेख.

शॉर्टकटच्या बाबतीत माणसाला दोन वेगळे प्रश्न पडतात. एक, मला हे काम करायचे आहे, त्याला कुठली कळ? दुसरा, ही कळ दाबली तर काय होईल? पहिल्याचे उत्तर देणारी साधने शेकडो आहेत. दुसऱ्याचे देणारी फार थोडी, आणि नुकसान नेहमी दुसऱ्यात होते. पहिला प्रश्न पडलेला माणूस फार तर माऊस उचलतो. दुसरा प्रश्न विचारायचा राहिला की नमुना तडकतो.

गंमत म्हणजे दोन्ही प्रश्नांची चोख उत्तरे देणारे एक साधन १९७० च्या दशकापासून आहे. ईमॅक्स. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९७६ मध्ये सुरू केलेला हा एडिटर अंगावर येतो हे मी मान्य करतो, त्याच्या कळा दाबता दाबता माझी करंगळी वाकडी व्हायची वेळ आली होती. पण त्यात कंट्रोल-एच आणि मग के दाबा, आणि मग तुम्हाला जिच्याविषयी शंका आहे ती कळ दाबा. ती कळ आपले काम करत नाही. ती काय करते हे तुम्हाला वाचायला मिळते. आणि कंट्रोल-एच, मग डब्ल्यू, असे दाबून आज्ञेचे नाव दिले की तिची कळ कुठली ते समजते. म्हणजे शब्दकोशासारखे, मराठी-इंग्रजी आणि इंग्रजी-मराठी दोन्ही भाग एकाच पुठ्ठ्यात. इतकी साधी गोष्ट बाकीच्यांना पन्नास वर्षांत का सुचू नये? अगदीच कोणाला सुचली नाही असे नाही म्हणा. व्हीएस कोडमध्ये शॉर्टकटांची यादी उघडून 'कळा नोंदवा' असे सांगता येते, मग जी कळ दाबाल तिच्यावर काय बांधलेले आहे ते दिसते. पण तो प्रोग्रामरांचा प्रोग्राम. हिशेब, चित्रे, पत्रे, मोजमापे यांच्या प्रोग्रामांत हे शोधून पाहा. बहुतेकांत सापडणार नाही.

पहिल्या प्रश्नाकडे वळतो, कारण त्याच्याशी माझी गाठ नंतर पडली, तीही दुखण्यामुळे. प्रबंध लिहीत होतो त्या हिवाळ्यात उजवे मनगट धरले. इथे याला बोलीभाषेत 'माऊसआर्म' म्हणतात, म्हणजे उंदरामुळे धरलेला हात. डॉक्टर म्हणाले, हात स्वस्थ ठेवा. प्रबंध जमा करायला अकरा आठवडे उरले असताना हात स्वस्थ कसा ठेवणार? मग ठरवले, निदान उंदीर तरी सोडू. दिसेल ते शॉर्टकट शोधायचे साधन त्या दिवसांत वापरून पाहिले.

सुरुवात अर्थातच छापील तक्त्याने. महाजालावर असे तक्ते पोत्याने मिळतात. मी एक रंगीत तक्ता छापून मॉनिटरच्या बाजूला चिकटवला. एका सहकाऱ्याकडे व्हिमच्या आज्ञा छापलेला कॉफीचा मग होता, त्यात कॉफी असेपर्यंत तो हवी ती आज्ञा वाचायला मग तिरका करू शकत नसे. माझ्या तक्त्याचेही तसेच झाले. पहिले दोन दिवस मी त्याच्याकडे पाहिले, नंतर तो भिंतीचा भाग झाला. देवळातल्या देणगीदारांच्या नावांची फरशी आपण रोज पाहतो, एक तरी नाव आठवते का?

मग दाबून धरायची साधने आली. मॅकवर 'कीक्यू' किंवा 'चीटशीट' असे प्रोग्राम टाकले की कमांड कळ दाबून धरताच समोरच्या प्रोग्रामचे सगळे शॉर्टकट पडद्यावर येतात. आयपॅडला कळफलक जोडला तर २०१५ पासून ही सोय त्यातच आहे. उबुंटूमध्येही २०१२ साली सुपर कळ दाबून धरली की यादी येत असे. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये पॉवरटॉइज नव्याने सुरू केले तेव्हा त्यात विंडोज कळेचे असेच एक मार्गदर्शन होते, पण ते विंडोजच्या स्वतःच्या कळांपुरते. तुम्ही ज्या प्रोग्राममध्ये अडकला आहात त्याच्याबद्दल तोंडात मिठाची गुळणी. जीमेलमध्ये प्रश्नचिन्ह दाबले की यादी येते, मात्र त्यातले बहुतेक शॉर्टकट आधी सेटिंगमध्ये जाऊन सुरू करावे लागतात. म्हणजे ज्याला शॉर्टकट आहेत हेच ठाऊक नाही, त्याला ते कधी कळावेत अशी योजना नाही.

ही साधने वाईट नाहीत. तक्त्यापेक्षा शतपटीने बरी, कारण ती बोटे कळफलकावर असतानाच उत्तर देतात. पण एकदम साठ-सत्तर ओळी अंगावर येतात. आपल्याला हवी ती ओळ डोळ्यांनी शोधेपर्यंत दाबून धरलेला अंगठा कंटाळतो.

इथे एक जुना प्रामाणिक आक्षेप सांगायला हवा. ॲपलमध्ये काम केलेले ब्रूस टोग्नाझिनी यांनी १९८९ साली लिहिले, की लोकांना कळफलक वेगवान वाटतो, पण घड्याळ लावून पाहिले तर माऊस वेगवान ठरतो. कारण कुठली कळ हे आठवण्यात दोन सेकंद जातात आणि ते गेल्याचे माणसाच्या लक्षातच राहत नाही. यावर पंचवीस वर्षे वाद घालणारे लोक मला ठाऊक आहेत. माझे मत असे, की टोग्नाझिनी आठवणाऱ्या माणसाबद्दल बरोबर आहेत आणि आठवावे न लागणाऱ्या माणसाबद्दल चूक.

आठवावे न लागणारा माणूस पाहायचा असेल तर सांगलीच्या मार्केट यार्डात या. माझ्या काकांचे तिथे हळदीचे अडत दुकान आहे. दिवाणजी पंचावन्नच्या पुढचे, चष्मा कपाळावर, शिक्षण जुनी अकरावी. टॅलीवर ते पावत्या टाकतात ते पाहत राहावे असे असते. पेमेंटला एफ ५, रिसीटला एफ ६, जर्नलला एफ ७, विक्रीला एफ ८, खरेदीला एफ ९. डोळे कागदावर, बोटे कळफलकावर, तोंडाने समोरच्या शेतकऱ्याशी पावसापाण्याच्या गप्पा. माऊसवर धूळ. मी एकदा विचारले, "दिवाणजी, हे शिकलात कुठे?" ते म्हणाले, "शिकायचं काय त्यात, ते काय बाजूला लिहिलेलं असतंय की." खरेच होते. टॅलीच्या पडद्याच्या उजव्या कडेला कळांची पट्टी कायम उभी असते, कुठल्या कामाला कुठली कळ ते तिथे लिहिलेले. आज्ञा आणि तिची कळ शेजारी शेजारी, रोज, वर्षानुवर्षे. महिनाभर पट्टी पाहायची, मग पट्टी आपोआप दिसेनाशी होते आणि बोटे उरतात. त्यांना शॉर्टकट हा शब्दही माहीत नाही, त्यांच्या लेखी टॅलीत जायला तो एकच रस्ता आहे.

जुन्या लोकांना हे कळत होते. वर्डपर्फेक्ट विकत घेतले की फंक्शन कळांभोवती ठेवायची एक पट्टी मिळे. त्यावर चार रंगांत आज्ञा छापलेल्या असत, नुसत्या कळेला काळा, आल्टला निळा, शिफ्टला हिरवा, कंट्रोलला लाल. ज्या वर्डस्टारने माझा घात केला, त्यात तर याहून सुंदर गोष्ट होती. कंट्रोल-के दाबून लगेच पुढची कळ दाबलीत तर काम होऊन जाई. पण के दाबून जरा थबकलात, तर पडद्याच्या वरच्या भागात पुढे कुठकुठल्या कळा लागतात ते उमटे. ज्याला येते त्याच्या आड यायचे नाही, जो अडखळला त्याला हळूच सांगायचे. चांगला मास्तर असाच असतो. हीच कल्पना पुढे ईमॅक्ससाठी 'व्हिच-की' या नावाने कोणीतरी नव्याने बांधली, आणि २०२५ साली आलेल्या ईमॅक्सच्या ३० व्या आवृत्तीत ती अखेर मुळातच समाविष्ट झाली. वर्डस्टारनंतर सत्तेचाळीस वर्षांनी. प्रगती, दुसरे काय!

उलट दिशेनेही प्रगती झाली. पूर्वी विंडोजच्या मेनूंत प्रत्येक शब्दातल्या एका अक्षराखाली रेघ असे, आल्टबरोबर ते अक्षर दाबले की काम होई. विंडोज २००० मध्ये या रेघा आल्ट दाबेपर्यंत लपवून ठेवायची पद्धत आली, बहुधा पडदा नीटनेटका दिसावा म्हणून. म्हणजे ज्याला आल्ट ठाऊक आहे त्यालाच आल्टचे उपयोग दिसणार. रस्त्यावरचे फलक काढून गाव स्वच्छ केले आणि वर गावकऱ्यांना रस्ते माहीत नाहीत अशी तक्रार केली.

आणि रस्ते माहीत नसतातच. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. वर्ड वापरण्यात मुरलेल्या २५१ लोकांना त्यांनी नेहमीची कामे कशी करता ते विचारले. अनुभवी असूनही बहुतेक जण चित्रांवर क्लिक करणारे निघाले. यात आळस नाही. माणूस काम करायला बसलेला असतो, शिकायला बसलेला नसतो. मग शिकवायचे कसे? टोरोंटो विद्यापीठातल्या तिघांनी २००७ साली वेगवेगळे उपाय ताडून पाहिले. त्यांत दोन परिणामकारक ठरले. एक, मेनूतून आज्ञा निवडली की तिचा शॉर्टकट संगणकाने मोठ्याने बोलून दाखवायचा. दुसरा, मेनूतून क्लिकने आज्ञा चालूच द्यायची नाही, शॉर्टकट दाबायला लावायचे. दुसरा उपाय वाचून मला आमच्या प्राथमिक शाळेतले गुरुजी आठवले. पाटीवर ते मोठे 'ग' काढून देत आणि त्यावरूनच पेन्सिल फिरवायला लावत. गिरवणे म्हणजे हेच की. अक्षर पाहून ते येत नाही, त्याच वाटेने हात फिरला तर येते. शॉर्टकट शोधायच्या साधनाची माझी कसोटी तेव्हापासून एवढीच आहे. ते मला दाखवते, की माझ्याकडून गिरवून घेते?

या कसोटीवर हल्लीचे लोकप्रिय उत्तर, म्हणजे आज्ञांचा शोधखोका, काठावर पास होतो. सब्लाइम टेक्स्टने २०११ च्या सुमारास तो रूढ केला आणि आता तो जिथेतिथे आहे. एक जोडकळ दाबायची, हव्या त्या आज्ञेची दोन-चार अक्षरे टंकायची, एंटर मारायचे. समोर शॉर्टकटही लिहिलेला असतो. माझे मनगट त्यानेच वाचवले, हे कबूल करतो. पण मी त्यात टंकूनच काम भागवतो, बाजूचा शॉर्टकट वाचत नाही. शिवाय आज्ञेचे नाव त्या प्रोग्रामच्या भाषेत ठाऊक हवे. आमच्याकडे निम्मे संगणक जर्मनमध्ये चालतात. जर्मन वर्डमध्ये ठळक करायला कंट्रोल-शिफ्ट-एफ, कारण ठळक म्हणजे 'फेट'. स्पॅनिश वर्डमध्ये जतन करायला कंट्रोल-जी, कारण 'ग्वार्दार'. स्पेनहून आलेल्या पाहुण्या संशोधकाशेजारी बसून एक मसुदा सुधारताना आम्ही दोघांनी मिळून जे काय केले ते सांगण्यासारखे नाही. चॅटबॉटला विचारले तर तो आत्मविश्वासाने इंग्रजी विंडोजचे उत्तर देतो. तुमच्यापुढचा कळफलक कुठला हे त्याने विचारल्याचे मला आठवत नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो त्या गोष्टीकडे येतो. आमच्या गटात एक ज्येष्ठ सहकारी आहेत. मोजमापांच्या आकड्यांचे विश्लेषण त्या करतात. त्यांना दिसत नाही. संगणकावर एनव्हीडीए हा पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम चालतो. तो फुकट आहे, ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध प्रोग्रामरांनी २००६ मध्ये सुरू केलेला. त्यांनी तो इतक्या वेगाने लावलेला असतो, की मला ते जर्मन आहे एवढेही ओळखू येत नाही. मला वाटत असे, की त्यांना सगळे शॉर्टकट पाठ आहेत. एकदा नवा लॅपटॉप आला तेव्हा पाहिले. त्यांनी एनव्हीडीएची कळ आणि १ दाबला आणि मग शांतपणे कळफलकावरून एकेक कळ दाबत गेल्या. प्रत्येक कळेला आवाज सांगत होता, ही अमुक कळ, हिने तमुक होते. प्रत्यक्षात काहीच होत नव्हते. पुन्हा १ दाबला, मदत बंद, काम सुरू.

मी तिथेच उभा राहिलो. माझ्या प्राध्यापकांच्या प्रश्नाचे उत्तर समोर चालू होते. जिला चुकून दाबणे परवडत नाही अशा माणसासाठी कोणीतरी बसून ही सोय केली होती.

दोन वर्षांपूर्वी आमच्या संस्थेने मोजमापांच्या नोंदींसाठी नवा प्रोग्राम घ्यायचे ठरवले. न्याहाळकात चालणारा, देखणा, आलेख हाताने ओढता येणारे. निवड समितीत मी होतो. प्रात्यक्षिकाला मी आलेखांच्या रंगांबद्दल विचारले, किमतीबद्दल विचारले. कळफलकावरून चालतो का हे विचारले नाही. मनगट बरे झाले होते ना! विक्रेत्याने "शॉर्टकट आहेत" असे म्हटले आणि आम्ही पुढच्या मुद्द्यावर गेलो. मी हात वर केला. आमच्या त्या सहकारी समितीत नव्हत्या, त्यांना कोणी विचारलेही नाही.

प्रोग्राम सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात त्यांनी शॉर्टकटांची यादी मागितली. अकरा पानी पीडीएफ आली. त्यातले प्रत्येक पान म्हणजे पडद्याचे चित्र होते. एनव्हीडीएने वाचले, "चित्र, चित्र, चित्र." मग मी शेजारी बसून ती वाचून दाखवली आणि त्यांनी साध्या मजकुराच्या फाईलमध्ये उतरवून घेतली. वाचता वाचता एकेक निघत गेले. काही शॉर्टकट कंट्रोल आणि चौकटी कंसाचे होते. जर्मन कळफलकावर चौकटी कंस स्वतःच आल्ट-जीआर आणि आकडा दाबून येतो, त्यावर पुन्हा कंट्रोल दाबून काही उपयोग झाला नाही. एक होता कंट्रोल-आल्ट-क्यू. विंडोजमध्ये कंट्रोल-आल्ट म्हणजेच आल्ट-जीआर, आणि इथे आल्ट-जीआर क्यू म्हणजे ईमेल पत्त्यातले ते गोल चिन्ह. म्हणजे नोंदीत कोणाचा पत्ता लिहायला जावे तर खिडकीच बंद. काही शॉर्टकट नुसत्या एका अक्षराचे होते आणि ते बंद करायची सोय नव्हती. २०१८ पासूनच्या वेबच्या सुगम्यतेच्या मानकात हे नको म्हणून स्पष्ट सांगितले आहे. जे लोक बोलून टंकतात त्यांचा एक शब्द चुकीच्या जागी पडला तर प्रत्येक अक्षर एक आज्ञा होऊन सुटते.

त्याच संध्याकाळी उत्सुकतेने मी देवनागरी इनस्क्रिप्ट लावून पाहिले. सगळे एकाक्षरी शॉर्टकट मुके झाले. कारण सोपे आहे. न्याहाळक प्रोग्रामला दोन्ही गोष्टी सांगतो, कुठली कळ दाबली आणि कुठले अक्षर उमटले. या प्रोग्रामने फक्त अक्षर पाहिले. इनस्क्रिप्टमध्ये सीच्या कळेवर 'म' येतो, जेच्या कळेवर 'र'. 'म' आला तर काय करायचे हे त्याला कोणी शिकवलेले नाही. तुमच्यापैकी जे मराठीत टंकतात त्यांना एखादे संकेतस्थळ अधूनमधून बहिरे का होते, त्याचे एक कारण हे असू शकते.

त्यानंतर मी विक्रेत्याला तीन पत्रे लिहिली. दुसऱ्या पत्राला उत्तर आले, की मागणी नोंदवून घेतली आहे. मधल्या काळात आमच्या सहकारी आपल्या नोंदी साध्या फाईलमध्ये लिहितात आणि गटातले कोणीतरी त्या प्रोग्राममध्ये चिकटवते. आधीच्या कुरूप प्रोग्राममध्ये त्या हे काम एकट्या करत होत्या, आमच्यापेक्षा लवकर. मी हे त्यांच्याकडे बोलून दाखवले, क्षमाही मागितली. त्या म्हणाल्या, "तू एकटा नव्हतास, सात जणांनी हात वर केले होते." मला काही यात सुटल्यासारखे वाटले नाही.

पुढच्या वर्षी करार नव्याने करायचा आहे. या वेळी समितीत त्या आहेत. मी विक्रेत्यांना विचारायच्या प्रश्नांची यादी करून त्यांना पाठवली होती, पंधरा प्रश्न. त्यांनी चौदा खोडून एकच ठेवला. प्रात्यक्षिकाच्या दिवशी विक्रेत्याने माऊस खोलीबाहेर ठेवायचा, आणि आम्ही सांगू ती कळ दाबण्याआधी ती काय करेल हे त्याच्या प्रोग्रामलाच विचारून दाखवायचे. भट्टीचे सॉफ्टवेअर विकणाऱ्यांनाही तेच विचारावे अशी मी भर घातली. कारण त्यांनी विचारले, तेव्हा त्यांना तडकलेल्या नमुन्याची गोष्ट सांगितली. ती डबी अजून आमच्या कपाटात आहे. तारीख थोडी पुसट झाली आहे.